ओपलच्या माहितीतली एक ओळ

"ग्लेंडा, ऐकलंस का? ओपलसाठी मी अर्ज भरला!" कॉलीन पलीकडच्या खिडकीतून ओरडली, आणि ग्लेंडाच्या हातातला डाव ग्रेव्हीच्या भांड्यात तसाच राहिला.

समोर दुसरीतली एक पोरगी ट्रे पुढे करून उभी होती. "मिस ग्लेंडा, ग्रेव्ही," ती म्हणाली. ग्लेंडाने ग्रेव्ही वाढली, ती बटाट्यावर पडायची ती सफरचंदाच्या फोडींवर पडली. पोरीने ट्रेकडे पाहिलं, ग्लेंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने पुढे गेली. हेच कॉलीनच्या खिडकीत झालं असतं तर पोरगी हसली असती, कॉलीन तिच्याहून मोठ्याने हसली असती आणि दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या शाळेने सफरचंदावर ग्रेव्ही मागितली असती.

शाळेच्या जेवणघरात वाढायच्या खिडक्या दोन. एकीत ग्लेंडा स्टॅनिक, दुसरीत कॉलीन डॉहर्टी. एकोणीस वर्षं झाली. जेवण एकच, एकाच भट्टीतून निघालेलं. दोघींच्या डोक्यावर केसांची जाळी तीच, अंगात एप्रन तोच. तरी कॉलीनची रांग दारापर्यंत जायची आणि ग्लेंडापुढे चार पोरं, तीही मास्तरांनी दंडाला धरून इकडे वळवलेली. ग्लेंडा काही पोरांवर खेकसायची नाही. उलट ती मापाने वाढायची, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. पण न्यायाने वाढणाऱ्या बाईला कुणी जीव लावतो का? रोज अकरा वाजता उभं राहून दुसरीची रांग बघायची म्हणजे काय, ते ज्याच्या वाट्याला आलंय त्यालाच विचारा.

आणि नुसती रांगच असती तर गोष्ट वेगळी. सात वर्षांपूर्वी ग्लेंडाचा नवरा घर सोडून फ्लोरिडाला गेला, तेव्हा जेवणघरातल्या बायकांनी दोन दिवस आवाज खाली ठेवून बोलायचं काम केलं, बस्स. गेल्या नोव्हेंबरात कॉलीनचा नवरा रे वारला, तर शाळेच्या फ्रीजरमध्ये तिच्यासाठी भाजलेल्या नूडल्सचे आणि चीज घातलेल्या बटाट्याचे नऊ डबे जमले. ग्लेंडाने मोजले होते. त्यातला एक तिचा स्वतःचा होता. डबे लावताना तिच्या मनात आलं, माझा गेला तो जिवंत गेला म्हणून काय मला भूक लागली नव्हती? हे मनात आल्याची तिला लाज वाटली, पण आलं ते आलंच.

आता या सगळ्यात ग्लेंडाकडे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. ती मांजरं वाचवायची. गावात ट्रूडी नावाची निवृत्त पोस्टमन बाई आपल्या गॅरेजात सोडून दिलेल्या मांजरांची संस्था चालवायची. मांजर सापडलं की कुणाच्या तरी घरी तात्पुरतं ठेवायचं, माणसाळवायचं, मग चांगलं घर बघून द्यायचं. ग्लेंडाने अशी अकरा मांजरं सांभाळून दिली होती. इतर बायका मांजर द्यायची वेळ आली की रडायच्या आणि ठेवूनच घ्यायच्या. ग्लेंडा त्यांना हसायची. "मी नाही बाई असल्या भानगडीत पडत," ती जेवणघरात सगळ्यांसमोर म्हणायची. "आलं मांजर, दिलं मांजर. डोळ्यातून टिपूस नाही."

ओपल बारावी.

जानेवारीत एका घरमालकाचा ट्रूडीला फोन आला होता. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सामान घेऊन गेले होते आणि मांजर मागे ठेवून. ग्लेंडा गेली. घर रिकामं, हीटर बंद, खिडकीच्या काचांवर आतून बर्फ. न्हाणीघरात टबाच्या मागे राखाडी रंगाची एक मांजरी अंग चोरून बसली होती. ग्लेंडाने हात घातला तसा तिने अंगठ्याखाली असा चावा घेतला की दात हाडापर्यंत गेले. जनावरांच्या डॉक्टरने तिच्या हाताला पट्टी बांधली आणि मांजरीचे पुढचे पंजे उलटून दाखवले.

"नखं काढलेली आहेत. म्हणजे लोक म्हणतात नखं काढली. खरं तर प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर कापतात. सोफा खराब होऊ नये म्हणून."

"आणि ही चावते ती?"

"तिच्याकडे दुसरं काय राहिलंय?"

घरी आणल्यावर ओपल तीन आठवडे कपाटामागून बाहेर आली नाही. शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये एकदाही गेली नाही. पलंगावर, पायपुसण्यावर, ग्लेंडाच्या कामाच्या बुटात, जिथे मऊ लागेल तिथे. ग्लेंडाने वाळू बदलली, ट्रे बदलला, गुडघ्यावर बसून व्हिनेगरने फरशी पुसली. मग एक दिवस जमिनीवर पडलेल्या वर्तमानपत्रावर ओपल गेली, आणि ग्लेंडाच्या डोक्यात उजेड पडला. ट्रेमधली वाळू! ते टणक दाणे कापलेल्या बोटांना टोचत होते. पंजा ठेवला की कळ, म्हणून ट्रे नको. बया रे, एवढी साधी गोष्ट! शाळेतून मागच्या महिन्याच्या जेवणाच्या याद्यांचा गठ्ठा आणून तिने त्याच्या बोटभर पट्ट्या फाडल्या आणि ट्रे भरला. त्या दिवसापासून ओपल एकदाही चुकली नाही.

सातव्या आठवड्यात ती रविवारच्या दुपारी पलंगावर चढली आणि ग्लेंडाच्या पावलांवर जाऊन झोपली. ग्लेंडा दोन तास हलली नाही. पायाला मुंग्या आल्या, फोन वाजून बंद झाला. कुणीतरी आपण होऊन तिच्या रांगेत आलं होतं.

तेव्हाच ट्रूडीला फोन करून 'ही माझी' म्हणाली असती तर विषय संपत होता. पण अकरा मांजरांचा तोरा आडवा आला. आणि घाई कशाला? नखं नसलेली, चावणारी, कपाटामागे दडणारी मांजरी न्यायला येतंय कोण?

आली ती कॉलीन. आता तोंड उघडावं तर अख्खं जेवणघर म्हणालं असतं, बघा, विधवा बाईला एक मांजर देववत नाही हिला.

शनिवारी कॉलीन ओपलला बघायला आली. ग्लेंडाने दारातच सांगितलं, "फार आशा ठेवू नकोस हं. अनोळखी माणसाला ती अंगाला हात लावू देत नाही. मला सात आठवडे लागले."

"नाही गं, मी नुसती बसते," कॉलीन म्हणाली आणि जमिनीवर फतकल मारून बसली. मांजरीकडे बघितलंसुद्धा नाही. रेच्या कपड्यांचं काय करायचं ते ग्लेंडाला विचारत राहिली. दहा मिनिटं झाली असतील नसतील. ओपल कपाटामागून आली, कॉलीनचा बूट हुंगला, मांडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मधोमध जाऊन बसली.

"अगं बाई!" कॉलीन कुजबुजली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ग्लेंडा, बघ ना!"

ग्लेंडा बघतच होती. सात आठवडे पुसलेली फरशी, अंगठ्याखालची खूण, मुंग्या आलेले पाय, आणि ही बया दहा मिनिटांत! तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. तू पण, असं ती मनात मांजरीला म्हणाली. तू पण तिच्याच रांगेत गेलीस.

ट्रूडीची पद्धत अशी की ज्या बाईने मांजर सांभाळलं तिनेच नव्या घराची पाहणी करायची, तिनेच माहितीचा कागद लिहायचा. खाते काय, घाबरते कशाला, सवयी कशा. ट्रूडी त्यात एक अक्षर घालत नसे, काढत नसे. आणि दुसरा नियम, मांजर परत आलं तर ते जिच्याकडून गेलं तिच्याकडेच परत जाणार. ग्लेंडाने हे दोन नियम एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. त्या रविवारी पाहिले.

कॉलीनच्या घराला नाव ठेवायला जागा नव्हती. खिडकीत उशी मांडलेली, दिवाणखान्यात नवा गालिचा, आणि त्यावर रेची तपकिरी आरामखुर्ची, हातांवर कापड झिजून चकचकीत झालेली. "इथे कुणी बसत नाही," कॉलीन म्हणाली. "ओपल बसली तर बसू दे. त्याला आवडलं असतं." न्हाणीघरात नवा ट्रे होता आणि शेजारी वाळूची मोठी पिशवी. सगळ्यात महागातली, सुवासिक, टणक दाण्यांची.

"ही बरी आहे ना?" कॉलीनने विचारलं.

ग्लेंडाने पिशवी उचलून मागची बारीक अक्षरं वाचल्यासारखं केलं. "छान आहे," ती म्हणाली.

घरी येऊन तिने माहितीचा कागद भरला. ट्यूना आवडतो. झाडूला घाबरते. पोटाला हात लावू नये. पुढे 'ट्रे आणि वाळू' असा रकाना होता. तिथे पेन थांबलं. मग तिने लिहिलं, 'ट्रे वापरते. चांगली सवय आहे.' शब्दन् शब्द खरा होता. फाडलेल्या कागदाची ओळ तेवढी तिने लिहिली नाही. फार तर आठ दिवस, ती स्वतःला सांगत होती. गालिचा दोनदा ओला झाला की आणून देईल परत. मांजरीचं काही वाईट होणार नाही, कॉलीनला दुसरं मिळेल, तिला काय, तिच्याकडे कुणीही येतं.

ओपल कॉलीनकडे गेल्यावर पहिल्या सोमवारी तिने मुद्दाम विचारलं, "काय म्हणतेय आमची ओपल?"

"गोड आहे गं! उशीवर झोपते माझ्या."

बुधवारी विचारलं. "एकदम मजेत." शुक्रवारी विचारलं. "रुळली बघ." आठ दिवस गेले, दहा गेले. ग्लेंडाला कळेना. ती घरी रोज पट्ट्या फाडून ट्रे तयार ठेवत होती आणि इकडे ही मांजरी त्या टोचऱ्या दाण्यांवर खुशाल जात होती की काय? म्हणजे कॉलीनसाठी दुखणंसुद्धा सोसायचं? हा विचार तिला रांगेपेक्षा, डब्यांपेक्षा जास्त झोंबला. जळफळाटाने तिचं जेवणात लक्ष लागेना.

बाराव्या दिवशी पाव कापताना दोघी शेजारी उभ्या होत्या आणि ग्लेंडाला कॉलीनच्या हातांना व्हिनेगरचा वास आला. बोटांची पेरं लाल झाली होती, दोन ठिकाणी साल गेलं होतं. तो वास ग्लेंडाला चांगला माहीत होता. जानेवारीभर तिच्या हातांना तोच होता.

"ओपल बरी आहे ना?" तिने विचारलं.

"अगदी मस्त," कॉलीन म्हणाली आणि हातमोजे चढवले.

त्यानंतरच्या गुरुवारी कॉलीन कामावर आली नाही. पाठ धरलीये म्हणाले. रे गेला ते दिवस सोडले तर एकोणीस वर्षांत तिची रजा ग्लेंडाला आठवत नव्हती. त्या दिवशी सगळी शाळा ग्लेंडाच्या खिडकीशी होती आणि पोरं मान उंच करून पलीकडची बंद खिडकी बघत होती. काम सुटल्यावर ग्लेंडाने गाडीत मांजराचा पिंजरा टाकला आणि कॉलीनचं घर गाठलं. वाटेत तिने दोनदा स्वतःला मोठ्याने बजावलं, "मी नुसती चौकशीला जातेय." तरी पिंजऱ्यात तिने स्वतःची जुनी शाल अंथरली होती.

कॉलीनने दार उघडलं. डोळे सुजलेले, एक हात कमरेवर. पिंजरा बघून ती बाजूला झाली.

"तुला कळलं वाटतं," ती म्हणाली.

दिवाणखान्यात गालिचा नव्हता. उघड्या फळ्यांवर साबणाचे पांढरे डाग होते. आणि खुर्ची नव्हती.

"खुर्ची कुठे गेली?" ग्लेंडाने विचारलं.

"मंगळवारी कचऱ्याच्या गाडीत दिली. आतल्या स्पंजापर्यंत गेलं होतं, वास निघेचना. मीच ओढत नेली रस्त्यापर्यंत, तिथेच पाठ गेली." कॉलीन जिन्याच्या पायरीवर बसली. "रोज जायची बघ ती तिथे. पहिल्या दिवसापासून. कधी गालिच्यावर, कधी त्याच्या खुर्चीत. डॉक्टरकडे नेली, काही आजार नाही म्हणाले. ट्रे रोज घासते. वाळू दोनदा बदलली, त्याहून महाग आणली."

"मग मला का नाही सांगितलंस? रोज विचारत होते मी!"

"काय सांगू?" कॉलीन एकदम चिडली. "तुझ्या कागदावर लिहिलंय, चांगली सवय आहे. तुझ्याकडे नीट राहते आणि माझ्याकडे नाही. म्हणजे खोट कुणात? तुला काय गं, तुझ्या हातून अकरा मांजरं सुधारून गेली. मला पोरांना हसवता येतं, बास, तेवढंच येतं मला. रेच्या आजारपणात नर्स यायची ना, तिचं ऐकायचा तो, माझं नाही. मला वाटलं हे एक तरी जमेल."

कॉलीनला आपला हेवा वाटू शकतो, हे तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

"कुठे आहे ती?"

"न्हाणीघरात. दोन दिवस झाले, आतच ठेवलीये. काय करणार?"

ग्लेंडाने न्हाणीघराचं दार उघडलं. ओपल टबाच्या मागे अंग चोरून बसली होती. ग्लेंडाने नाव घेतलं, हात पुढे केला, आणि ओपल कान पाडून फिस्कारली. तीच मांजरी, तीच जागा, जणू जानेवारीपासून ती तिथून हललीच नव्हती. ट्रेमधली सुवासिक वाळू कोरी करकरीत होती.

"घेऊन जा तिला," मागून कॉलीन म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुझ्याकडेच सुखी होती ती. ट्रूडीला मी सांगते, माझ्याकडून नाही झालं."

झालं! हवं होतं ते झालं होतं. पिंजरा दारात होता, शाल त्यात होती. ग्लेंडाने फक्त 'बरं' म्हणायचं होतं. कुणाला कधी काही कळलं नसतं, आणि रविवारच्या दुपारी ओपल पुन्हा तिच्या पावलांवर झोपली असती.

"वाळू टोचते तिला," ग्लेंडा म्हणाली. ती अजून टबापाशी उकिडवी बसली होती, तोंड भिंतीकडे. "बोटं कापलीत ना. कागद लागतो, फाडलेला. कागद घातला की एकदाही चुकत नाही."

मागे कॉलीन दारापाशी सरकल्याचा आवाज आला.

"अगं, मग लिहायला विसरलीस?" कॉलीनने विचारलं. ती विचारत नव्हती खरं तर, सुटायला वाट करून देत होती, जशी ती सगळ्यांना द्यायची.

"नाही," ग्लेंडा म्हणाली. "विसरले नाही."

"म्हणजे?"

"तू परत आणून द्यावीस म्हणून. मला हवी होती ती. तुझ्या मांडीवर दहा मिनिटांत गेली आणि मला सहन नाही झालं."

ती वळली तेव्हा कॉलीन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती रडली असती तरी चाललं असतं.

"ती त्याची खुर्ची होती," कॉलीन म्हणाली.

"हो."

"त्याचा वास होता तिला. आणखी कशालाच राहिला नव्हता."

कॉलीन आत गेली आणि वर्तमानपत्रांची चळत घेऊन आली. कमरेवर हात ठेवून ती हळूहळू खाली बसली.

"केवढ्या पट्ट्या?"

"बोटभर."

दोघी न्हाणीघराच्या फरशीवर बसून कागद फाडत राहिल्या. वाळू ग्लेंडाने पिशवीत ओतून बाहेर नेली. ट्रे भरला, दार अर्धं लोटलं आणि त्या बाहेर थांबल्या. पाव तास गेला असेल. मग आतून कागद कुरकुरल्याचा आवाज आला, आणि मागोमाग नखं नसलेल्या पंजांनी पट्ट्या ओढून झाकल्याचा. ओपल बाहेर आली, पाय झटकला आणि कॉलीनच्या गुडघ्याला अंग घासून उघड्या फळ्यांवर बसली.

"जा आता तू," कॉलीन म्हणाली. "पिंजरा राहील तुझा, घेऊन जा."

सोमवारी सकाळी कॉलीन कामावर आली. ग्लेंडा तीन दिवस धड जेवली नव्हती. आज सगळ्यांना कळणार, याची तिने मनाची तयारी केली होती. काय बोलायचं तेही ठरवलं होतं, की जे सांगेल ते खरं आहे, मी तशीच वागले. भांडी धुणाऱ्या पेगीने हात पुसत विचारलंच, "काय गं कॉलीन, मांजरी काय म्हणतेय तुझी?"

कॉलीन जाळीत केस कोंबत होती. "बरी आहे आता. ट्रेचा फार घोळ झाला होता. वाळू टोचायची तिला, कापलेल्या पायांना. ग्लेंडा गुरुवारी घरी आली आणि तिने कागदाचं सांगितलं. तेव्हापासून एकदाही चुकली नाही."

"गुरुवारी? एवढं काम करून?"

"हो. जमिनीवर बसून कागद फाडून दिले तिने."

"बघा!" पेगी म्हणाली. "मी म्हणते ना, हिला जनावरांचं जेवढं कळतं तेवढं कुणाला नाही!" भट्टीपाशी उभ्या दोघी "वा गं ग्लेंडा!" म्हणाल्या, एकीने तर टाळ्या वाजवल्या, आणि पेगी येऊन तिच्या गळ्यातच पडली. एकोणीस वर्षांत या जेवणघरात ग्लेंडासाठी एवढा आवाज कधी झाला नव्हता.

"नाही, ऐका, मी..." ग्लेंडाने सुरुवात केली.

"अकरा वाजत आले," कॉलीन म्हणाली. "पोरं येतील." तिने एप्रनची गाठ बांधली आणि ग्लेंडाकडे न बघता आपल्या खिडकीचं शटर वर केलं.

पेगी पाठ थोपटत राहिली, आणि ती थांबेपर्यंत ग्लेंडा मान खाली घालून उभी राहिली.